नवी बंदूक, आधी साफसफाई आणि मग पूजा



गेल्या नवरात्रात आमच्या सोसायटीतील एक तरुण पेढे घेऊन घरी आला. मूळ गाव धुळे जिल्ह्यातले. वडिलांची सारी हयात उधन्याच्या लूम्सच्या खात्यात गेली. याला सुरक्षारक्षकाची चांगली नोकरी लागली होती, परवाना मिळाला होता आणि त्याने स्वतःची बारा बोरची दुनळी घेतली होती. म्हणाला, "काका, खंडेनवमीला पूजा करतो आणि दसऱ्यानंतर ड्यूटीवर नेतो." मी विचारले, "आतून साफ केलीस का?" तो हसला. "काका, नवी कोरी आहे, अजून एकही गोळी उडालेली नाही. साफ काय करायची?"

एके काळी माझाही असाच समज होता, म्हणून हा लेख. मी बी.कॉम. झालेला बँकेचा माणूस, शस्त्रांचा जाणकार नव्हे. पण शाखेची बंदूक, तिची काडतुसे आणि तिचे रजिस्टर अनेक वर्षे माझ्या ताब्यात असे. एक काडतूस कमी भरले तर रोकड कमी भरल्यापेक्षा मोठा घोळ! जे थोडेफार शिकलो ते आमच्या गार्डमामांकडून. मामा सातारा जिल्ह्याचे, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले.

ऑगस्ट २००६ चा तापीचा पूर आपल्यापैकी कोण विसरेल? उकाईचे पाणी शहरात शिरले तेव्हा माझ्या त्या वेळच्या शाखेतही कमरेच्या वर पाणी होते. ओसरल्यावर सगळीकडे गाळ. बंदूक त्या गाळात दोन दिवस पडून होती. मामांनी आधी स्वच्छ पाण्याने गाळ धुतला, मग कोरडी करून तेल लावले. तरी उजव्या नळीत गंजाचे खड्डे पडलेच. काडतुसे भिजली होती, ती रीतसर कागदपत्रे करून बाद केली. काही महिन्यांनी नवी बंदूक आली. मी म्हटले, "मामा, ठेवा रॅकवर." मामा म्हणाले, "साहेब, आज नाही. आज तिला आंघोळ."

त्या दुपारी कळले की कारखान्यातून निघताना बंदुकीला जाड वंगण किंवा संरक्षक तेल फासलेले असते. ते वाहतुकीत आणि गोदामात गंज लागू नये म्हणून असते, बार उडवण्यासाठी नव्हे. नळीत वंगणाचा गोळा, कागदाचा कपटा किंवा लाकडाचा भुसा राहिला आणि तसाच बार काढला तर छऱ्यांना वाट अडते, दाब एकदम वाढतो आणि नळी फुगते किंवा फाटते. ती फाटते तेव्हा चालवणाऱ्याचा डावा हात तिच्याखालीच असतो.

मामांची रीत अशी. आधी काडतुसे दुसऱ्या खोलीत. मग नळीचे तोंड मोकळ्या भिंतीकडे करून बंदूक उघडायची आणि दोन्ही घरे डोळ्यांनी पाहून पुन्हा बोट घालून तपासायची. खोक्यातून आताच काढलेली असली तरीही! "बंदूक कायम भरलेलीच समजायची, साहेब. दुकानदाराने रिकामी म्हटले म्हणून ती रिकामी होत नाही." घरात लहान मुले असतील तर त्यांना त्या वेळी बाहेर पाठवावे, ही माझी भर.

मग नळीखालचे लाकूड काढून नळ्या सुट्या करायच्या. गजाला चिंधी गुंडाळून, थोडे रॉकेल किंवा बंदुकीचे सॉल्व्हंट लावून, काडतूस घालतो त्या बाजूने तोंडाकडे न्यायची. उलटे केले तर सगळा मळ मागे येतो आणि गजाच्या घासण्याने तोंडाची कड झिजते. पहिली चिंधी काळी-पिवळी निघाली. मामा चिंध्या बदलत राहिले, शेवटची पांढरी निघाली तेव्हा थांबले. मग नळी खिडकीकडे धरून मला पाहायला लावले. आतून अगदी आरसा! एखादी सावली किंवा वाकडी रेघ दिसली असती तर बंदूक परत पाठवायची होती. नव्या बंदुकीतही दोष असू शकतो, आणि तो पहिल्या साफसफाईतच सापडलेला बरा.

यानंतर तेल. अगदी पातळ, पुसून उरेल एवढेच. मामा म्हणत, "भाकरीला तूप लावत नाही आपण." बिजागरी आणि खिट्टीवर एकेक थेंब, नळीच्या बाहेरून तेलाचा हात. घरातले खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल कधीही नको. ते कालांतराने चिकट होते, धूळ धरते आणि खोबरेल तर थंडीत थिजते. ड्यूटीवर नेण्यापूर्वी नळी आणि काडतुसाचे घर कोरड्या चिंधीने पुन्हा पुसायचे, कारण घरात तेल राहिले तर बाराचा धक्का मागच्या भागावर जास्त बसतो. काडतुसाला तेलाचा हातही लागू द्यायचा नाही, टोपीत तेल मुरले तर बार होतच नाही. चाप चालतो का हे पाहायचे असेल तर नकली काडतूस घालून पाहावे, रिकाम्या बंदुकीचा चाप सारखा ओढला तर आतली पिन तुटू शकते. आतले स्क्रू मात्र आपण खोलू नयेत, ते परवानाधारक कारागिराचे काम.

नळीवरचा क्रमांक परवान्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहायलाही विसरू नका. (बँकेची सवय!) एका आकड्याची चूक पुढे फार महाग पडते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ३ ऐवजी ५ वर्षे झाली आहे. पण त्यामुळे नूतनीकरणाची तारीख विसरायलाही जास्त वाव मिळतो.

खानदेशातल्या काही घरांत आजोबांची बंदूक असते, ती वारशाने रीतसर नावावर झाली की नवीच वाटते. ती आधी कारागिराला दाखवा. जुन्या बारा बोरांत काडतुसाचे घर पुष्कळदा ६५ मिलिमीटरचे असते आणि आजची काडतुसे बहुधा ७० ची. काडतूस आत बसते, पण उडताना त्याचे तोंड उलगडायला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो. बसले म्हणजे चालेल, असे नाही.

सुरतेची हवा लोखंडाची वैरीण आहे. खाडी जवळ, पावसाळा दमट. चामड्याच्या खोळीत बंदूक महिनोन्‌महिने ठेवू नका, चामडे ओल धरते. कुलूपबंद कपाटात, मोकळी, शेजारी सिलिका जेलची पुडी. पावसाळ्यात आठवड्याला एकदा तेलाचा हात. काडतुसांच्या पितळी बुडावर हिरवा कळंक दिसला तर ती वापरू नयेत.

आता खंडेनवमी. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रे शमीच्या झाडावर ठेवली आणि वर्षाने अर्जुनाने ती काढली, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. वर्षभराच्या पावसात त्यांना तेल कोण लावत होते, हा प्रश्न माझ्या नातीने विचारला आणि मी निरुत्तर झालो! पूजा जरूर करावी, पण रिकाम्या बंदुकीची. ओले हळद-कुंकू पोलादावर रात्रभर राहिले की खाली गंज धरतो. गंध दस्त्याच्या लाकडावर लावावे, फूल वाहावे, आणि आरती झाल्यावर सगळे पुसून तेलाचा हात फिरवून बंदूक कपाटात.

स्वप्नील कुसाळे यांच्या पॅरिसमधील २०२४ च्या कांस्यपदकानंतर आपल्याकडच्या दोन-तीन मुलांनी एअर रायफल सुरू केली आहे, म्हणून त्यांच्या पालकांसाठी एवढेच: वरची तेलाची रीत तिथे लावू नका. स्प्रिंगच्या एअर रायफलच्या नळीत साधे तेल गेले तर दाबलेल्या हवेने ते पेट घेते आणि आतली सीलं खराब होतात. कोचना विचारूनच करा.

त्या तरुणाने अष्टमीच्या संध्याकाळी आमच्या गॅलरीत बसून बंदूक साफ केली. सात चिंध्या लागल्या. तिसऱ्या चिंधीबरोबर डाव्या नळीतून वंगणात चिकटलेला कागदाचा तुकडा बाहेर आला, नखाएवढा. त्याने तो बराच वेळ हातात धरून पाहिला आणि मग पुढची चिंधी गजाला गुंडाळली.