वाडा लेकीच्या नावाने, उतारा भावांच्या!

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा येथे लखुजीराव जाधवांचा राजवाडा आहे. १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म याच वाड्यात झाला. लखुजीराव निजामशाहीतील मातब्बर सरदार. १६२९ मध्ये त्याच निजामशाहीच्या दरबारात दगा करून त्यांची आणि त्यांच्या मुलांची हत्या झाली. त्यांची भव्य समाधी याच गावात आहे. पण ज्या मुलांनी वंश चालवायचा, त्यांची नावे आज किती जणांना सांगता येतील? वाडा लोकांच्या तोंडी आहे तो जिजाऊंचे जन्मस्थान म्हणून. दर १२ जानेवारीला बहुजन समाज येथे लोटतो, माथा टेकवतो.

माथा टेकवून परतणाऱ्यांना आमचा एकच प्रश्न आहे. तुमच्या घराच्या उताऱ्यावर लेकीचे नाव आहे काय?

बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलातून मुलीला वारसाहक्क देऊ केला. ते बिल रोखले गेले आणि १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदावर लाथ मारली. पुढे १९५६ चा वारसा कायदा आला. तो आम्हा बौद्धांनाही लागू आहे. त्यात कलम २३ ची मेख होती. पुरुष वारस स्वतः वाटणी करीत नाहीत, तोवर त्यांच्या राहत्या घराची वाटणी लेकीला मागता येत नव्हती. ९ सप्टेंबर २००५ पासून हे कलम गेले. वडिलोपार्जित मिळकतीतही मुलगी मुलासारखीच जन्मतः हिस्सेदार झाली. त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले.

कायदा बदलला, घर बदलले काय? बाप गेला की बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते. सही केली तर माहेर, नाही तर वैर! हे निळ्या झेंड्याखालच्या घरांतही घडते, हे आम्ही लपवणार नाही. जिजाऊंच्या याच जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे २००१ मध्ये ९०८ मुली होत्या. २०११ मध्ये ८५५ उरल्या. लेकीला हिस्सा नाकारणारे घर उद्या लेकच नाकारते.

राजवाड्याचे दगड जपलेच पाहिजेत. पण बहिणींनो, वाचल्याशिवाय सही करू नका. आणि भावांनो, तो कागद तिच्यापुढे ठेवूच नका. जिजाऊंना खरे वंदन तेच.