आवर्ती निकटतम बिंदू पद्धत

आवर्ती निकटतम बिंदू पद्धत (आयसीपी) ही एकाच वस्तूचे दोन त्रिमितीय पृष्ठभाग एकमेकांवर जुळवण्याची संगणकीय पद्धत आहे. पॉल बेस्ल आणि नील मॅके यांनी ती १९९२ साली मांडली.

पहिल्या पृष्ठभागावरील प्रत्येक बिंदूसाठी दुसऱ्यावरील सर्वांत जवळचा बिंदू शोधला जातो. या जोड्यांमधील अंतरांच्या वर्गांची बेरीज किमान होईल असे परिभ्रमण व स्थानांतरण काढून पहिला पृष्ठभाग हलवला जातो. हलवल्यावर जवळचे बिंदू बदलतात, म्हणून जोड्या नव्याने लावाव्या लागतात. बेरीज फारशी घटेनाशी झाली की गणन थांबते.

मूळ पद्धतीत ही बेरीज कोणत्याही फेरीत वाढत नाही, हे बेस्ल व मॅके यांनी सिद्ध केले. मात्र त्यावरून जुळणी बरोबरच आहे असे ठरत नाही. गणन सुरुवातीच्या स्थितीनजीकच्या स्थानिक किमान मूल्यावर थांबते. आरंभीची मांडणी फार चुकीची असल्यास पृष्ठभाग उलटाही बसू शकतो. गोलाच्या बाबतीत तर अंतर शून्य होऊनही परिभ्रमण अनिश्चितच राहते.

मेंदूच्या शस्त्रक्रियेत ही मर्यादा गंभीर ठरते. तेथे रुग्णाच्या चेहऱ्याचा पृष्ठभाग आधी काढलेल्या सीटी किंवा एमआरआय प्रतिमेतील त्वचेशी जुळवतात. नाक व डोळ्यांच्या खोबणीभोवतीचे बिंदू जुळणीला पकड देतात. केवळ गुळगुळीत कपाळावरचे बिंदू घेतल्यास ती घसरू शकते. त्वचा नीट जुळली तरी खोलवरच्या गाठीपाशी काही मिलिमीटरचा फरक उरू शकतो, आणि कवटी उघडल्यावर मेंदूही जागचा सरकतो. म्हणून शल्यचिकित्सक उपकरणाचे टोक ओळखीच्या शारीरिक खुणांवर टेकवून जुळणी पडताळतात.