बंद गल्ली आणि पसरतें शहर

एका कागदावर पाठीस पाठ लावून दोन घरें काढा. मध्यें केवळ एक कुंपण. या घरची हांक त्या घरीं सहज ऐकूं जाते. आतां प्रत्येक घरासमोरची गल्ली घरापाशींच संपते असें दाखवा, आणि त्या दोन्ही गल्ल्या दूरवरच्या हमरस्त्यास नेऊन मिळवा. एका घरच्या मुलास दुसऱ्या घरीं खेळावयास जाण्यास किती चालावें लागेल? अंतर कुंपणाएवढें, आणि वाट कदाचित् मैलभर!

रस्ते परस्परांशीं कितपत जोडलेले आहेत हें मोजण्याची रीत सोपी आहे. प्रत्येक नाक्यावर किती वाटा मिळतात तें पाहावें: बंद गल्लीच्या टोकास १, तिठ्यास ३, चौकास ४. या आंकड्यांची सरासरी काढली कीं शहराची प्रकृति कळते. सन १८११ मध्यें न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटाचा आराखडा झाला, त्यांत १२ उभे राजमार्ग व १५५ पर्यंत क्रमांक दिलेले आडवे रस्ते आंखले होते. म्हणजे बहुतेक सारे चौकच. दिसावयास हें नीरस खरें. पण एक वाट अडली तर दुसरी मोकळी असते.

पुढें मोटार आली. मुलांस तिच्यापासून जपावें म्हणून क्लॅरेन्स स्टाइन व हेन्री राइट या वास्तुशास्त्रज्ञांनीं १९२९ सालीं न्यू जर्सी प्रांतांत रॅडबर्न ही वसाहत रचली. घरें बंद गल्ल्यांभोवतीं. परंतु त्यांच्या दुसऱ्या अंगास बाग व पायवाटा, आणि मोटाररस्त्याखालून भुयारी वाट. रचना विचाराची होती. १९३४ पासून घरकर्जांस हमी देणारें अमेरिकन सरकारचें खातेंही बंद गल्लीची शिफारस करूं लागलें. पण पुढील बहुतेक बांधणाऱ्यांनीं गल्ली तेवढी उचलली आणि पायवाट सोडून दिली!

त्यांतून शहर शेतांवर पसरतें तेव्हां एकेक शेत एकेक जण विकत घेतो व आपल्यापुरत्याच गल्ल्या आंखतो. शेजारच्या शेताशीं जोड देण्यांत त्याचा लाभ कोणता? पुण्या-मुंबईच्या कडेस भिंतींनीं वेढलेलीं गृहसंकुलें उठतात, तेथेंही हेंच पाहावयास मिळतें. रहिवाशांस शांतता लाभते, हें नाकारतां येत नाहीं. परंतु बस आंत शिरत नाहीं, साऱ्या गाड्या एकाच हमरस्त्यावर कोंडतात, आणि हांकेच्या अंतरावरील शाळेंत मुलास मोटारीनें पोंचवावें लागतें.

ख्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली व ॲडम मिलार्ड-बॉल यांनीं अमेरिकेंतील रस्त्यांचें असें मोजमाप २०१५ सालीं प्रसिद्ध केलें. विसाव्या शतकांत बहुतेक काळ ही जोडणी घटत गेली. १९९४ च्या सुमारास ती सर्वांत खालीं आली, व नंतर नव्या रस्त्यांत सुधारणा दिसूं लागली.

नव्या रस्त्यांत, हें विशेष लक्षांत घ्यावें. घर पाडून पुन्हां बांधतां येतें. रस्त्याची रेषा सहसा हलत नाहीं, कारण तिच्या दोहों अंगांस लोकांच्या मालकीच्या जागा असतात. १६६६ च्या आगींत लंडनचीं १३,००० हून अधिक घरें जळालीं. कांहीं दिवसांतच क्रिस्तोफर रेन यानें रुंद, सरळ मार्गांचा आराखडा राजापुढें ठेवला. तो अंमलांत आला नाहीं. कांहीं गल्ल्या रुंद झाल्या, एखाद-दुसरा नवा रस्ता निघाला. बाकीचें शहर जुन्याच वाटांवर पुन्हां उभें राहिलें.