चार इंचांचा हिशेब

ओतूर मागे टाकून माळशेज घाटाच्या रस्त्याला लागलं की पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी दिसू लागतं. तिथून मढ जवळच. आमचं जुनं घर तिथे आहे आणि त्या घरात माझ्या थोरल्या वहिनी एकट्या राहतात. दादा जाऊन सहा वर्षं झाली. मागच्या पावसाळ्यात वहिनींचा गुडघा असा धरला, की चुलीपुढून उठताना भिंतीचा आधार लागू लागला. तेव्हा त्यांनीच फोन केला. "भावजी, मला उभ्याचा ओटा करायचाय. चाळीस हजार आहेत. तेवढ्यात बसवून द्या."

चाळीस हजार म्हणजे दोन म्हशींच्या दुधाच्या पगारातून साठलेले. त्यात माझी थोडी भर घालण्याची गोष्ट काढली, तर त्यांनी फोनच ठेवून दिला.

उभी हयात बँकेत काढलेल्या माणसाला असं काम म्हणजे पर्वणीच. मी फाईल उघडली, तीन कोटेशनं मागवली. पहिलं आळेफाट्याच्या एका दुकानाचं, मॉड्युलर किचनचं. रक्कम एक लाख साठ हजार. दुकानदाराने संगणकावर रंगीत चित्र दाखवलं. त्यात ओट्यावर फुलदाणी होती, हिरवी सफरचंदं होती. भाकरीचा तवा मात्र कुठे नव्हता. शिवाय आतल्या फळ्या लाकडाच्या भुशाच्या. मढला आषाढात धुकं घरात शिरतं, उशाची गोधडी ओली लागते. तिथे त्या फळ्या दोन पावसाळ्यांत पुरीसारख्या फुगल्या असत्या. फाईलवर मनातल्या मनात 'नामंजूर' असा शेरा मारला.

राहिला दगड. आता गंमत बघा. आमच्या चारी बाजूंना दगडच दगड. लेण्याद्रीची लेणी आणि नाणेघाट ज्यात कोरले तो हाच काळा कातळ. जातं, पाटा-वरवंटा त्याचाच. पण तो लाव्हारसाचा, त्याच्या पातळ, सपाट फरश्या निघत नाहीत. म्हणून सह्याद्रीच्या कुशीत राहून ओट्यासाठी कडप्पा आणायचा तो आंध्रातून आणि जमिनीला शहाबादी आणायची ती कर्नाटकातून. हे दोन्ही चुनखडीचे दगड. थरांचे असल्यामुळे त्यांच्या लाद्या सरळ सुटतात. चुनखडी असल्यानेच कडप्प्याला आंबट सोसत नाही. लिंबू किंवा चिंचेचा कोळ सांडला आणि तसाच राहिला, तर तिथली चकाकी जाऊन पांढुरका डाग उरतो. ग्रॅनाइटला लिंबाचं काही वाटत नाही. तेव्हा पाय, कप्पे आणि खालची बैठक कडप्प्याची आणि वर फक्त ग्रॅनाइट, असा मधला मार्ग काढला. नऊ फूट लांब, दोन फूट रुंद ओट्याला वरचा ग्रॅनाइट धरूनही दगडाचा खर्च साडेनऊ हजारांच्या आत बसला. मला काळा ग्रॅनाइट आवडला होता. वहिनी म्हणाल्या, "काळ्यावर झुरळ दिसत नाही." फिकट करडा घेतला.

इथवर सारं सुरळीत होतं. अडलं ते उंचीवर.

मिस्त्रीने भिंतीवर खडूने रेघ मारली, चौतीस इंचांवर. वहिनी रेघेपाशी उभ्या राहिल्या, हवेतच पीठ मळल्यासारखे हात केले आणि म्हणाल्या, "खांदे वर जातात. खाली घ्या." मिस्त्री हसला. "आजी, सगळीकडं चौतीसच असतंय. साहेब, तुम्ही सांगा." आणि मी, साहेब, मिस्त्रीच्या बाजूने बोललो. सर्वमान्य माप आहे, घराला पुढेमागे गिऱ्हाईक आलं तर, वगैरे. वहिनी काही बोलल्या नाहीत. न्हाणीघरातून एक पाट आणला, रेघेसमोर ठेवला आणि त्यावर चढून उभ्या राहिल्या. "असं करू का रोज?"

तो पाट पाहिला आणि मला पुण्यातलं आमचं स्वयंपाकघर दिसलं. तिथे ओट्याखाली असाच एक पाट आहे. तीस वर्षं आहे. आमच्या हिच्या पायांना फरशी गार लागते म्हणून तो आहे, अशी माझी समजूत होती.

नोकरीत असताना ग्रामीण शाखांमधून मी गोबरगॅसची कितीतरी कर्जप्रकरणं केली. तपासणीला जायचो तेव्हा खड्डा बघायचो, पाइप बघायचो, शेण किती ते विचारायचो. चहा ओटीवर यायचा. ज्या शेगडीसाठी एवढा खटाटोप, ती आत कुठे आणि कशावर ठेवली आहे हे बघायला मी कधी उंबरा ओलांडला नाही. फॉर्मवर तसा रकानाही नव्हता. पण रकाना नव्हता म्हणून, हे काही उत्तर नव्हे.

१९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या स्वस्त घरांसाठी मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईंनी एक छोटंसं स्वयंपाकघर आखलं. साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटर. आजच्या साऱ्या मॉड्युलर किचनांची ती आजी. त्यात त्यांनी एक फिरतं स्टूल ठेवलं होतं, बसून काम करता यावं म्हणून. आपण त्यांचे कप्पे उचलले, स्टूल तिकडेच राहिलं.

मग टेप काढला. वहिनींची उंची चार फूट नऊ इंच, कोपर जमिनीपासून छत्तीस इंचांवर. मळायला, थापायला जोर लावायचा तर ओटा कोपराच्या पाचसहा इंच खाली हवा. बाजरीच्या भाकरीला तर हवाच. तीस इंच ठरले. मिस्त्रीने खडूची रेघ पुसली खरी, पण लगेच दुसरी अडचण काढली, आणि ती खरी होती. दगडाचे थर वजा जाता खाली सत्तावीस इंच उरत होते. त्यात सिलिंडर शिरला असता, पण रेग्युलेटर फिरवायला हात गेला नसता. शेवटी सिलिंडर ओट्याबाहेर, परसदाराजवळ उभा केला. शेगडी त्याच्याहून उंचावर राहते ना, एवढं पाहिलं. वाराही तिथे बरा लागतो. सिंकचा भाग मात्र तेहतीसवर घेतला, कारण हात जातात सिंकच्या तळाशी, कडेशी नव्हे.

सगळा खर्च छत्तीस हजार. उरलेल्या चारात भिंतीवरची स्टीलची मांडणी आली. चूल परसात हलवली आहे. पाणी तापवायला आणि मासवडीचा रस्सा करायला ती लागते म्हणतात. मी वाद घातला नाही.

पुण्याला परतल्यावर हिला सारी हकिकत सांगितली. तिने माझ्या पिशवीतून टेप काढला आणि आमचा ओटा मोजला. चौतीस आणि वर पाव इंच.

"ग्रॅनाइट आहे, आता तोडता येणार नाही," मी म्हणालो.

"तोडू नका. पाट तेवढा लांब करून द्या," ती म्हणाली. "शेगडीपासून सिंकपर्यंत जाताना दर वेळी उतरावं लागतं."

सुताराला सांगितलं आहे.