बाराला एकचा उतार

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आपल्या मराठीत पायरीला मोठा मान आहे. माणसाने आपली पायरी ओळखून राहावे, असे आपण म्हणतो. काम अडले की कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, असेही म्हणतो. पण उंबरठा झिजवायचा तर आधी तो ओलांडता यावा लागतो. चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला तेवढीही मुभा नसते. एका कचेरीत अपंगांच्या सवलतीचे अर्ज पहिल्या मजल्यावर घेत होते आणि लिफ्ट नव्हती, हे मी स्वतः पाहिले आहे.

मी देवनारला राहतो. माझ्या थोरल्या बहिणीला लहानपणी पोलिओ झाला. आम्ही तिला आपा म्हणतो. पूर्वी ती कॅलिपर आणि कुबड्यांवर चालायची, आता वय झाल्यावर व्हीलचेअर आली. गोवंडी स्टेशनच्या बाजूला काही कामाने निघालो की आम्ही फुटपाथवर चढतच नाही. रिक्षा, टेम्पो आणि बसगाड्यांच्या मधून, रस्त्याच्या कडेकडेने जातो. "अरे, तू फुटपाथ काय बघतोस? मागून गाडी येतेय का ते बघ," असे आपा मला सांगते.

असे का होते, ते जरा मोजून पाहू. फुटपाथची कड फार तर पंधरा सेंटिमीटर उंच असावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे २०१२ सालचे मार्गदर्शन सांगते. पंधरा सेंटिमीटर म्हणजे साधारण वीतभरसुद्धा नाही. धडधाकट माणूस बोलता बोलता पाय उचलून टाकतो. पण व्हीलचेअरची पुढची चाके लहान असतात. ती या कडेला अडतात आणि खुर्ची जागच्या जागी थांबते. तिला वर न्यायचे तर उतार हवा आणि तो बाराला एक या प्रमाणात हवा. म्हणजे एक हात उंची चढायला बारा हात लांबी. पंधरा सेंटिमीटरच्या कडेला एक मीटर ऐंशी सेंटिमीटर, आणि दोन फूट उंच जोत्याच्या इमारतीला चोवीस फूट! हा आकडा ऐकला की बांधकामवाले हसतात. मग दारात तीन-चार फुटांचा सिमेंटचा ढिगारा थापतात, शेजारी निळी पाटी लावतात आणि मोकळे होतात. त्याला उतार म्हणत नाहीत, घसरगुंडी म्हणतात. त्यावरून खुर्ची ढकलायला दोन दणकट माणसे लागतात आणि उतरताना पोटात गोळा येतो.

उताराचे हे शास्त्र आपल्याला नवे नाही. भरलेली हातगाडी ओढणाऱ्याला कोणता चढ झेपेल ते न मोजता कळते. बकरी ईदच्या आधी देवनारला बकऱ्यांचे ट्रक येतात, तेव्हा व्यापारी बकरा उतरवायलासुद्धा फळी तिरकी लावून बघतो. सोसायट्यांच्या फाटकांशी मोटारींसाठी फुटपाथ अगदी काळजीने उतरता केलेला असतो. उतार करता येत नाही असे नाही, कोणासाठी करायचा एवढाच प्रश्न आहे.

आंधळ्या माणसाची गोष्ट वेगळी. त्याला कडेचा उपयोगही होतो, कारण काठी तिथे लागली की फुटपाथ संपल्याचे कळते. म्हणून उतारापाशी उंचवट्याच्या फरशा बसवतात. जपानच्या सेइइची मियाके यांनी त्या शोधून काढल्या आणि १९६७ साली ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या. त्यांची भाषा दोन अक्षरांची आहे. लांबट रेघा म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांब, पुढे वळण किंवा धोका आहे. आपल्याकडे या पिवळ्या फरशा दिसतात, पण त्या कधी झाडाच्या बुंध्याशी, कधी विजेच्या पेटीशी नेऊन सोडतात. चर खणून बुजवताना गवंड्याने रेघांच्या जागी ठिपके बसवले, तर डोळस माणसाच्या लक्षातही येत नाही.

कायदा नाही म्हणावे तर तोही आहे. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात फुटपाथचे उतार, सिग्नलचा आवाज, व्हीलचेअर जाईल असे शौचालय, दवाखान्यांना उतार, सगळे लिहिलेले होते. त्यात एक मेख होती. हे सर्व 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' करायचे होते. कुवत कोणाची आणि किती, हे ज्याने करायचे त्यानेच ठरवायचे. आमच्याकडे घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावर २०२१ साली उड्डाणपूल झाला. गाड्या वरून सुसाट जातात, याचा मला आनंदच आहे. पण एवढा पूल बांधण्याची कुवत असलेल्या शहराला खालच्या रस्त्याकडेचा उतार परवडत नाही, हे मला पटत नाही.

पुढे २०१६चा नवा कायदा आला. अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले. जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या, ती मुदत जून २०२२ मध्ये संपली. मधल्या काळात 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' आले. शब्दांशी माझे कामच आहे, म्हणून सांगतो, आपाला दोन्ही शब्दांनी फरक पडला नाही. पायरी तीच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्या नियमांतला एक नियम रद्द केला. सुगमतेच्या मापांना त्याने नुसत्या सूचनेचा दर्जा दिला होता. सक्तीची मापे तीन महिन्यांत ठरवा, असे न्यायालयाने केंद्राला बजावले.

सोय एकेका ठिकाणी करून भागत नाही. घाटकोपरची मेट्रो २०१४ साली सुरू झाली, ती लिफ्ट आणि पिवळ्या फरशा घेऊनच. पण लिफ्टपर्यंत पोचायचे कसे? घराचे दार, गल्ली, फुटपाथ, रस्ता ओलांडणे, स्टेशन, पुन्हा फुटपाथ, यातला एक दुवा तुटला की माणूस घरीच राहतो. कधी कधी तर भल्यासाठी केलेलेच आडवे येते. दुचाकी चढू नयेत म्हणून मुंबईच्या फुटपाथांवर ठेंगणे खांब रोवले, ते इतके जवळ की खुर्चीही आत जाईना. व्हीलचेअर वापरणाऱ्या एका मुंबईकराने ईमेलने हे कळवले आणि २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून ते प्रकरण सुनावणीला घेतले.

फेरीवाल्यांचे काय, असा प्रश्न मला हमखास विचारतात. भाजीवाल्या मावशींना हटवा, असे मी म्हणणार नाही. तिच्याकडूनच आम्ही कोथिंबीर घेतो. चालायला एक मीटर ऐंशी सेंटिमीटर मोकळी वाट हवी, असे तेच २०१२चे मार्गदर्शन सांगते, कारण तेवढ्यात समोरासमोरच्या दोन खुर्च्या एकमेकींना ओलांडू शकतात. तेवढी वाट आखून मावशींची जागा तिच्या बाहेर ठरवता येते. आमच्या रस्त्यांवर मावशींपेक्षा उभ्या केलेल्या मोटारसायकलीच जास्त आडव्या येतात.

आणि हे फक्त व्हीलचेअरवाल्यांचे मागणे नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात अपंगांची संख्या साडेएकोणतीस लाखांहून जास्त नोंदली गेली. त्यात गुडघे गेलेल्या आजी, कडेवर बाळ असलेली सून, पायाला प्लास्टर असलेला मुलगा धरलेलेच नाहीत. आमच्या मशिदीत जुम्याच्या दिवशी म्हातारे भिंतीला धरून पायऱ्या चढतात. देवळांतही तेच दिसेल.

सध्या मुंबईभर रस्त्यांचे काँक्रीटीकरण चालू आहे. रस्ता खणला की कडेचा फुटपाथही बहुतेक नव्याने बांधावा लागतो. आपल्या गल्लीत काम आले तर मोजपट्टी घेऊन उभे राहा, कड आणि उतार मोजा आणि चुकत असेल तर फोटोसह वॉर्ड ऑफिसात लेखी द्या. काँक्रीट ओले असेपर्यंतच कंत्राटदार ऐकतो. नंतर तोच उतार करायला ब्रेकर मागवावा लागतो, आणि त्यासाठी नवे टेंडर.