शिफ्ट कोणती?

महाळुंग्याच्या बाजूला एका शाळेत समुपदेशक ताई येतात. त्यांच्या वहीबद्दल ऐकलं होतं, ती बघायला म्हणून गेले. मुलाचं नाव, इयत्ता आणि तिसऱ्या रकान्यात, जिथे एरवी ‘तक्रार’ लिहितात तिथे, ‘शिफ्ट’. आईची वेगळी, वडिलांची वेगळी. चिडतो, अंथरूण ओलं करतो, वर्गात तोंड उघडत नाही, हे सगळं त्याच्या पुढे.

खोली खेळाच्या सामानाची. फोन, निरोप, वर्गशिक्षिकांशी बोलणं ताई मधल्या सुट्टीत उरकतात. वेळ जातो तो चित्रांत. ‘घरातली सगळी माणसं काहीतरी करताना काढ,’ एवढंच मुलाला सांगायचं. बर्न्स आणि कॉफमन या अमेरिकी अभ्यासकांनी १९७० मध्ये मांडलेली ही पद्धत. तिसरीतल्या एका मुलाने आई काढली होती गॅसपाशी, बहीण दोरीच्या उड्या मारताना आणि वडील आडवे. डोळ्यांच्या जागी दोन रेघा. त्याच्या आधीच्या चित्रांतही वडील आडवेच. वर्गाच्या बाईंनी कागदाला चिठ्ठी टाचली होती : ‘वडील पितात वाटतं.’

ताईंनी वही पुढे केली. “सेकंड आणि नाईट, आलटून पालटून. पोरगं जागं असतं तेव्हा बाप झोपलेला. दुसरं काय काढेल ते?”

हिशेब त्यांनीच मांडला. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात वडील रात्री एक वाजता खोलीवर येतात. सकाळी मुलगा शाळेला निघताना त्यांना जाग येते, तो परत येतो तेव्हा ते कंपनीत. दोघं एकमेकांसमोर जागे असतात ती रोजची वीस मिनिटं. आई पॅकिंगला जाते, तिची फर्स्ट.

‘मुलांना क्वालिटी टाइम द्या’ सांगणारी व्याख्यानं या कारखान्यांच्या पट्ट्यात ढिगाने होतात, बहुतेक जनरल शिफ्टवाल्यांच्या सोयीने. ताई तसलं काही सांगत नाहीत. त्या विचारतात, त्या वीस मिनिटांत काय होतं? उत्तर बहुधा एकच : दप्तर भर, डबा घे, लवकर आवर.

नवरा-बायकोचं बिनसलं तर पोलिसांचा भरोसा सेल आहे, पुढे कौटुंबिक न्यायालय. तिथे समुपदेशकाची तरतूद १९८४ च्या कायद्यातच आहे. पण मूल गप्प झालं म्हणून कोणी चौकीची पायरी चढत नाही.

त्या मुलाचे वडील आले ते थेट कामावरून. खोलीभर कूलंटचा वास, तेलकट, किंचित आंबूस. मशीन शॉपच्या माणसाच्या कपड्यांतून तो धुऊनही जात नाही. मुलगा तोवर खुर्चीच्या कडेला टेकला होता. वास आला तसा मागे रेलून नीट बसला. एवढंच झालं, पण मला त्या दिवसातलं आठवतं ते हेच.

“वीस मिनिटांत काय बोलणार, मॅडम?”

“बोलू नका, दादा. डबा तुम्ही भरा. तो बघेल.”

मला हे फार तोकडं वाटलं. शिफ्ट बदलून द्या असं कंपनीला पत्र का देत नाही, असं मी नंतर विचारलं. “कंत्राटी माणूस आहे. पत्र गेलं की तो नजरेत येणार,” ताई म्हणाल्या. जुन्या औद्योगिक विवाद कायद्याने वर्षात २४० दिवस भरले की सलग सेवा धरली. त्यावर कंत्राटदारांनी काढलेली वाट म्हणजे सात महिन्यांनी ब्रेक. मुलाचं बिघडलेलं दुरुस्त करायला ताईंना बोलावतात. शिफ्टच्या तक्त्याला हात लावायला कोणी बोलावत नाही.

निघताना ताईंनी वही उघडली. “पुढच्या आठवड्यात काय, सेकंड ना? मग सकाळी साडेनऊला या.”

“पुढच्या आठवड्यात ब्रेक लागतोय,” वडील म्हणाले. “पोरांना घेऊन गावाला जाणार. सोयाबीन काढायला आलंय.”

मुलाने पहिल्यांदाच तोंड उघडलं. “किती दिवस?”