उपचार एक, दर अनेक

स्टीलचे पातेले घ्यावयाचे असले तरी आपण विरारच्या बाजारात चार दुकाने फिरून भाव विचारतो. मात्र घरातील माणूस आजारी पडला की भाव विचारणे आपणास कमीपणाचे वाटते. डॉक्टर रागावतील, उपचारात कुचराई होईल, अशी भीतीही मनात असते. परिणामी बिल हाती पडल्यावरच खर्चाचा आकडा कळतो आणि मग दागिने गहाण ठेवण्याची किंवा सावकाराचे दार ठोठावण्याची पाळी येते. म्हणूनच एकाच उपचाराचे दर ठिकठिकाणी वेगळे का असतात व आपण काय करू शकतो, याची माहिती मनवेलपाड्यातील सभासदांसाठी आम्ही येथे देत आहोत.

कोरोनाच्या साथीने हा फरक आकड्यांत दाखवून दिला. मार्च 2020 मध्ये खाजगी प्रयोगशाळेतील आरटी-पीसीआर तपासणीची कमाल मर्यादा 4,500 रुपये होती. महाराष्ट्र शासनाने ती टप्प्याटप्प्याने खाली आणली. मार्च 2021 च्या अखेरीस, प्रयोगशाळेत जाऊन केल्यास, तीच तपासणी 500 रुपयांवर आली. साहित्य स्वस्त झाले हे खरे. पण मर्यादा घातली म्हणूनच ती स्वस्ताई प्रत्येक रुग्णापर्यंत पोहोचली.

पुढे जून 2021 मध्ये शासनाने खाजगी रुग्णालयांतील कोरोना उपचारांच्या दरांसाठी शहरांचे अ, ब आणि क असे तीन गट पाडले. मुंबई व महानगर परिसर अ गटात होता. आपली वसई-विरार महानगरपालिका मात्र ब गटात होती. साध्या वॉर्डाचा एका दिवसाचा दर अ गटात 4,000, ब गटात 3,000 आणि क गटात 2,400 रुपये ठरला. व्हेंटिलेटरसह अतिदक्षता विभागासाठी हेच आकडे 9,000, 6,700 आणि 5,400 रुपये होते. म्हणजे वसईची खाडी ओलांडली की व्हेंटिलेटरच्या खाटेमागे दिवसाला 2,300 रुपयांचा फरक! दहा दिवसांत तो 23,000 रुपये होतो. आजार तोच, उपचारही तेच.

हा फरक कशामुळे पडतो? जागेचे भाडे, यंत्रसामग्री व कर्मचाऱ्यांचे पगार ही कारणे वाजवी आहेत. परंतु अनेक रुग्णालयांत वरच्या वर्गाची खोली घेतली की खोलीभाड्याबरोबर शस्त्रक्रियेची आणि डॉक्टरांच्या भेटीची फीसुद्धा वाढते. काही ठिकाणी रुग्ण पाठविणाऱ्याचा 'कट' बिलातूनच निघतो. शरीरात बसवावयाच्या साहित्याचेही तसेच. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्र शासनाने हृदयातील स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. तेव्हा औषधयुक्त स्टेंटसाठी ती 29,600 रुपये ठरली. त्यापूर्वी त्याच प्रकारचा स्टेंट लाखाच्या वर विकला जात होता. मात्र मर्यादा स्टेंटच्या किमतीला आहे, संपूर्ण अँजिओप्लास्टीच्या खर्चाला नाही. म्हणून जास्त बिल म्हणजे जास्त चांगला उपचार, ही समजूत आपण सोडून दिली पाहिजे.

भाव विचारणे हा आता आपला हक्क आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत 2021 मध्ये झालेल्या सुधारणेनुसार प्रत्येक खाजगी रुग्णालयाने रुग्णहक्कांची सनद व 15 प्रकारच्या सेवांचे दर दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. दरपत्रक दिसत नसेल तर ते मागावे. तरीही न मिळाल्यास महानगरपालिकेच्या वैद्यकीय आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार करावी.

तातडीच्या प्रसंगी भाव विचारीत बसू नये. आधी जवळचे रुग्णालय गाठावे. परंतु मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल अशा शस्त्रक्रियांना सवड असते. अशा वेळी दोन-तीन ठिकाणांहून लेखी अंदाजपत्रक घ्यावे. त्यात खोली, भूल, औषधे, तपासण्या व साहित्य हे सर्व धरले आहे काय, हे विचारावे. तुळिंज व वसईतील महापालिकेच्या रुग्णालयांत, तसेच मुंबईच्या नायर, केईएम येथेही चौकशी करावी. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत व 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतील उपचार अंगीकृत रुग्णालयांत विनामूल्य मिळतात; तेथील आरोग्यमित्रास दाखल होण्यापूर्वीच भेटावे. शिधापत्रिका, आधार कार्ड व उत्पन्नाचा दाखला घरात तयार ठेवावा.

विद्यार्थी मित्रांना आमची विशेष विनंती आहे. आपल्या आजी-आजोबांना दरपत्रक वाचता येईलच असे नाही, तुम्हांला येते. आपल्या चाळीत, इमारतीत कोणी दाखल होणार असेल तर त्यांच्यासोबत जा, दर लिहून घ्या आणि बिलाशी ताडून पाहा. तासाभराच्या या कामाने एखाद्या कुटुंबाची अनेक वर्षांची बचत वाचू शकते.